हाव सर

माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. आईलाही तसंच वाटतं. ही एक गोष्ट दोघांनाही माहीत नाही. कोणालाच नाही. तुम्ही पहिले. आणि तुम्हालाच का — तर तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. सांगताना तुमच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, एवढंच.

घरापासून सुरू करते. घरची गरिबी दाखवून तुम्हाला मऊ करावं असा काही डाव नाही. पण ते घर माहीत नसलं तर मी पुढे जे केलं ते तुम्हाला पोरकटपणाचं वाटेल, रागाच्या भरातलं वाटेल. तसं ते नव्हतं. ते थंड डोक्यानं केलेलं होतं.

घाटंजीपासून आत, ऑटोनं पाऊण तास, असं आमचं गाव. बाबा गावचे गायकी. सकाळी गावभरची गुरं गोळा करायची, जंगलाकडे न्यायची, दिवस मावळायला परत आणून दारोदार पोचवायची. शेत आमचं नव्हतं. गुरंही आमची नव्हती. आमची होती ती काठी. आई शाळेत खिचडी शिजवायची. तिचं मानधन महिनोन्महिने यायचं नाही, पण गंजाच्या, त्या मोठ्या पातेल्याच्या, बुडाची खरवड रोज डब्यात घरी यायची, आणि तेच आमचं संध्याकाळचं जेवण. पाचवीत असताना पोरींनी त्या डब्याला नाव पाडलं होतं — शारदीचा डबा. मी रडले नाही. कोणाला सांगितलंही नाही. मनात एवढंच म्हटलं, ह्या सगळ्यांच्या पुढे जाईन.

जिद्द असावी असं सगळे सांगतात. तिच्या पोटात काय असतं ते कोणी सांगत नाही.

बाबांचं एक सांगते आणि पुढे जाते. एखादी गाय मागे राहिली तर ते भाकरीला हात लावायचे नाहीत. आमच्याकडच्या जंगलात वाघ फिरतो, गुराख्यांना त्याची भीती काय असते ते दुसऱ्याला कळायचं नाही. तरी ते उजेड सरता सरता पुन्हा आत जायचे. आई दारात उभी राहून ओरडायची, "लोकायच्या गाईसाठी मरता का तुमी?" बाबा चप्पल घालता घालता म्हणायचे, "मोजून नेली होती व. मोजूनच आनीन."

अशा माणसाची मी मुलगी.

आमच्या गावातून बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली मुलगी. हे मी अजूनही मान वर करून सांगते, तुम्हालाही सांगितलं. सकाळची पहिली एस.टी. धरायची, आठ वाजता रसायनशास्त्राचा तास. आणि त्या वर्गात, पहिल्याच दिवशी, रेणुका.

रेणुका टेकाम. पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती — केळापूरच्या बाजूला डोंगराच्या अंगाला चिकटलेली पंधरावीस घरं. तिचे बाबा बांबूच्या टोपल्या विणायचे. ती सरकारी वसतिगृहात राहायची, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकायची, आणि निघताना तिच्या बाबांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती. ते ती हसत हसत सांगायची, त्यांच्यासारखा जड आवाज काढून — "सरकार शिकवते तवरक शीक. सरकारनं हात सोडला का गुमान घरी ये." घरी म्हणजे लग्नाला. मुलगा ठरल्यासारखाच होता, आदिलाबादकडचा.

पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. आकड्यांनी घ्यायचे, इंग्रजीत. आम्ही सगळे घाबरून "येस सर", "प्रेझेंट सर" म्हणत होतो. थर्टी फोर आला आणि मागून आवाज आला — "हाव सर!"

वर्ग फुटला हसून. आमच्या वऱ्हाडात घरोघरी हो ला हावच म्हणतात, हसणारेही घरी तेच म्हणायचे, पण कॉलेजात? सर तरुण होते, तासिकेवरचे. तेही हसले, म्हणाले, "राहू दे, ओळखू तरी येते." तेव्हापासून ती तीन वर्षं "हाव सर"च म्हणाली. मुद्दाम. मोठ्यानं. मराठीच्या पुस्तकात ह्याच शब्दाचा अर्थ लोभ असा दिलेला आहे, हे तिनंच मला एकदा दाखवलं होतं आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो होतो.

माझा नंबर सव्वीस. तिचा चौतीस. मधे सात आवाज. हे सात आवाज लक्षात ठेवा.

ती हुशार होती. मी मेहनती होते. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मेहनती माणसाला ते सगळ्यात आधी कळतं. एखादी अभिक्रिया मी चारदा लिहून पाठ करायची, ती एकदा बघायची आणि म्हणायची, "अवं, हा इलेक्ट्रॉन इकून तिकून पळून राह्यला, बाकी काही नाही." आणि मग मलाही दिसायचं. पहिली दोन वर्षं प्रत्येक परीक्षेत ती पहिली आली, मी दुसरी. खरं सांगू? तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. डब्याला नाव पाडणाऱ्या पोरी कुठल्या कुठे मागे राहिल्या होत्या. पुढे एकच होती, आणि ती माझी मैत्रीण होती.

मग तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला फलकावर एक कागद लागला.

एका व्यापारी घराण्यानं वडिलांच्या नावे कॉलेजला निधी दिला होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्रात जी मुलगी कॉलेजातून पहिली येईल तिच्या एम.एस्सी.चा सगळा भार ते उचलणार — अमरावतीचं वसतिगृह, फी, पुस्तकं. एक मुलगी. खाली कंस करून लिहिलं होतं — फक्त एक.

चांगलं काम होतं. देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आजही काही नाही. पण त्या कागदानं आमच्या वर्गाचं काय केलं ते मी पाहिलं आहे. तोवर ग्रंथालयातलं एकुलतं एक जाडं पुस्तक आम्ही पोरी आठवडे वाटून घ्यायचो. कागद लागल्यावर महिनाभरात त्या पुस्तकातली पानं ब्लेडनं कापलेली निघाली. वह्या पिशवीत उलट्या ठेवायला लागल्या पोरी. "माझं काहीच झालं नाही गं" म्हणून खोटं बोलायला लागल्या. पानं कोणी कापली ते मला माहीत नाही. मी नाही कापली. पण मी कापली नाहीत ती कोणीतरी माझ्या आधी कापली म्हणून — तेही लिहून टाकते. एवढं सांगते आहे तर.

एक रेणुकाच बदलली नाही. ती त्या कागदापुढे उभी राहून म्हणाली, "दोघीतून कोनी बी गेली तरी चालते ना शारदे. जी जाईन ते दुसरीले बलावीन." मी "हो" म्हटलं. मग खालचा कंस पुन्हा वाचला. आमची निम्मी पोरं शिष्यवृत्तीवर जगायची. पैसा म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. मला समोर अमरावती दिसत होती, आणि दार एकाच माणसाच्या रुंदीचं होतं.

दिवाळीनंतर रेणुकाचे पैसे थांबले.

का थांबले ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बँकेत नाव एक, आधारवर एक. एका अक्षराचा फरक. पोर्टलवर रोज तेच — तपासणीत आहे. वसतिगृहातलं जेवणही बंद होऊन त्याचे पैसे खात्यात यायचे. तेही त्याच अक्षरात अडकले. समारंभात पाहुणे सांगतात की मदत मिळाली की पोरं अभ्यासाला लागतात. लागतात. मी लागले होते. पण मदत अडकली की पोरं काय करतात? कोणी बाजार समितीत पोती उचलायला जातं. कोणी गावी जातं आणि फॉर्म भरण्यापुरतंच पुन्हा दिसतं. रेणुका कापूस वेचायला जायला लागली. हंगाम होता, बायांना मागणी होती. सोमवार, मंगळवार, बुधवार ती सकाळी बायांनी भरलेल्या ऑटोत बसून आसपासच्या शेतांवर जायची. बाकीचे दिवस कॉलेज.

आणि नियम होता पंच्याहत्तर टक्क्यांचा. हजेरी त्याखाली गेली की कॉलेज दाखला देत नाही. दाखला नाही तर शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, परीक्षेचा फॉर्मही अडतो. म्हणजे पैसे आले नाहीत म्हणून कामाला जायचं, आणि कामाला गेलं म्हणून येणारे पैसे कायमचे बंद. ह्या फासात ती अडकली होती आणि तिला ते पक्कं कळत होतं. अंगठ्याचं मशीन दोन वर्षांपासून धूळ खात पडलेलं, त्यामुळे सरांची वही हीच खरी.

तिनं मला विचारलं. विचारलं म्हणजे काय, तिच्या पद्धतीनं — "तीन दिवस माह्या जागी तू हाव म्हण. तुले जमते, तू माही चांगली नक्कल करतं."

जमायचं मला. सव्वीसला माझ्या आवाजात "येस सर". मग सात आवाज. तेवढ्यात पेन खाली पाडायचं, बाकाखाली वाकायचं, आणि घसा थोडा आवळून मोठ्यानं — "हाव सर!" सरांचं वहीतून डोकं वर यायचं नाही. मागच्या दोघीतिघींना कळायचं, त्या गालात हसायच्या. वर्गात असले आवाज चारपाच तरी असायचे. सरांनाही कळत असावं. कोणाला काही बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी एस.टी. स्टँडवर उभी असायची. तिथेच ऑटो बायांना सोडायचा. ती उतरायची, केसांत सरकी, डोक्याला बांधलेल्या रुमालाचे धागे, बोटांच्या टोकांना बोंडांनी पडलेल्या चिरा. पहिला प्रश्न ठरलेला — "लावली का व माही?"

"लावली."

मग ती त्या दिवशी काय शिकवलं ते विचारायची. मी वही उघडून दाखवायची. तशीच, उभ्या उभ्या, ती वाचायची. कागदाला हात लावायची नाही, डाग पडतात म्हणून. आणि कधी कधी मलाच सांगायची — "इथं सरनं चूक लिवलं वाटते." चूक असायची.

पौषाच्या आधी एक चाचणी झाली. वीस मार्कांची. मी एकही तास बुडवला नव्हता. त्या चाचणीसाठी आठ दिवस आई मला पाण्याचा गुंडही उचलू देत नव्हती. आणि रेणुका — आदल्या दिवशी शेतात होती, पेन धरताना बोटं दुखत होती म्हणून तिनं दोन बोटांना चिंधी गुंडाळली होती. तिला अठरा. मला सोळा.

ती माझा पेपर हातात घेऊन म्हणाली, "थोडक्यात गेले व तुहे. दुसरा प्रश्न तुले येत होता." खरंच येत होता. तिनंच शिकवला होता.

त्या दिवशी एस.टी.त खिडकीजवळ बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. वर्गात रोज बसून मी दुसरी. वर्गात न बसून ती पहिली. मग मी जन्मभर बसले तरी काय होणार? बाहेर कापसाची शेतं पांढरी झाली होती, आणि मला त्यांचा — शेतांचा — राग आला. नंतर कळलं, शेतांचा नव्हता.

आता सांगते. इतका वेळ गोल गोल फिरले.

मी बरीच वर्षं स्वतःला असं सांगितलं आहे की त्या मंगळवारी मला खोकला आला. थंडीचे दिवस होते, येऊ शकतो. सव्वीसला मी "येस सर" म्हटलं, मग खोकल्याची उबळ आली, आणि चौतीस निघून गेला. पुष्कळदा सांगून सांगून मला तो खोकला ऐकूही यायला लागला होता.

खोकला नव्हता.

सात आवाज झाले. मी पेनही पाडलं होतं, सवयीनं. बाकाखाली वाकलेही होते. सर म्हणाले, "थर्टी फोर." मला माझी चप्पल दिसत होती, पुढच्या मुलीची टाच दिसत होती. तोंड उघडलं नाही. सर पुन्हा म्हणाले, "थर्टी फोर?" ह्या वेळी त्यांनी डोकं वर केलं असावं, कारण वर्ग शांत झाला. पंखा बंद होता. मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी वाकूनच राहिले. किती वेळ? एक माणूस पुढच्या नंबराकडे वळायला घेतो तितकाच. "थर्टी फाय." "येस सर." झालं.

मी वर आले तेव्हा मागची मुलगी कुजबुजली, "झोपली होती का व?" मी घशाकडे हात दाखवला. खोकला तिथे जन्मला, बघा. तासाच्या नंतर.

इतकं सोपं असतं ते. मी काही केलंच नव्हतं. उलट त्या दिवशी त्या वर्गात मी एक खोटं कमी बोलले होते. कोणत्या कायद्यानं मला धरणार?

संध्याकाळी स्टँडवर ती उतरली. "लावली का व माही?"

मी म्हटलं, "हाव."

तिच्याशी बोलताना तो शब्द माझ्या तोंडून सहसा यायचा नाही. मी "लावली" म्हणायची. त्या दिवशी तो आपोआप आला. सकाळी सरांना द्यायचा होता तो मी तिला दिला. ती हसली. खूश झाली.

एकदा झालं असतं तर मी तो खोकला आजही खरा धरला असता. पण मी बुधवारीही म्हटलं नाही. पुढच्या सोमवारी, मंगळवारी नाही. त्या आठवड्यात फक्त बुधवारी म्हटलं, कारण आदल्या संध्याकाळी तिनं मला ओंजळभर बोरं दिली होती, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची. म्हणजे घसा ठीक होता. म्हणजे मला येत होतं. त्यानंतर पूर्ण हंगामभर — एकदाही नाही. आणि रोज संध्याकाळी, रोज, तिच्या तोंडाकडे बघून — लावली.

तुम्ही म्हणाल, ती वही बघायला गेली नाही? कशाला जाईल? मी सांगत होते ना.

वेचणी संपली. शेवटी तुरळक बोंडं उरली तेव्हा ती पूर्णवेळ कॉलेजात यायला लागली, पुन्हा स्वतःच मोठ्यानं "हाव सर" म्हणायला लागली. तिचं ते म्हणणं ऐकलं की मी वहीत डोकं घालायची. सर आता तिचा नंबर आला की एक क्षण थांबून बघायचे, मग खूण करायचे. ती म्हणायची, "सर कायले असे पाह्यते माह्याकडे?" मला माहीत होतं. वहीत कुठेतरी टक्के उतरत चालले होते आणि ती त्याच वर्गात बसून माझी वही दुरुस्त करत होती. असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी तिला कधीही सांगू शकले असते. तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. प्राचार्य दर वर्षी दहापंधरा पोरांना डॉक्टरच्या कागदावर सूट द्यायचे. तिनं तसा कागद आणला असता तर तीही सुटली असती.

मग यादी लागली. पंच्याहत्तरच्या खालच्यांची. चौतीस नंबर तिसऱ्या ओळीत.

बाकीची पोरं डॉक्टरकडे धावली. रेणुका धावली नाही. का धावेल? तिच्या हिशोबानं ती गैरहजर नव्हतीच. ती यादीपुढे उभी राहून म्हणाली, "मी आजारी कायले पडू? मी तं हजर होती. सरनं खाल्ली माही हाजरी." आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे व्हरांड्यापर्यंत गेले. आत तिचा आवाज चढत गेला. रोज हजर होते, सर मुद्दाम करतात, शारदेला विचारा.

शारदेला विचारा.

शिपाई मला बोलवायला आला. ती बाहेर आली, मी आत गेले. दारात तिनं माझा हात दाबला. प्राचार्य वयस्क होते, थकलेले. समोर सरांची वही उघडी. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तू हुशार मुलगी आहेस, नीट सांग. ही मुलगी डिसेंबर-जानेवारीत तासाला असायची?"

तिथे दोन रस्ते होते, असं तुम्हाला वाटेल. खोटं बोलून तिला वाचवायचं, किंवा सगळं खरं सांगून दोघींनी शिक्षा घ्यायची. मला तिसरा सापडला. मी खरं बोलले.

"नव्हती सर. ती कापूस वेचायला जायची."

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य असेल ते. त्यात एकही शब्द खोटा नाही. प्राचार्यांनी मान हलवली, म्हणाले, गैरहजेरीचं काही करता आलं असतं, पण तोंडावर खोटं बोलते, वर माझ्या शिक्षकावर आळ घेते. त्यांनी वही मिटली.

बाहेर ती उभी होती. "काय म्हनलं तू?"

मी म्हटलं, "होती म्हणून सांगितलं. ते ऐकत नाहीत."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला तिच्या केसांचा वास आजही आठवतो, खोबरेल तेलाचा. मी हलले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला वाटलं ते तिच्यासाठी आहे. तीच मला म्हणाली, "तू काहून रडून राह्यली? तुहा काय दोष?"

चार दिवसांनी तिचे बाबा आले. पायात टायरची चप्पल, हातात रिकामी पिशवी. ते कोणाशी भांडले नाहीत. वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यांनी तिची पुस्तकं एकावर एक रचली, बांबूच्या कामटीनं बांधली, फार नीट. तिनं त्यातली एक वही ओढून काढली आणि मला दिली. तिसऱ्या वर्षाची, तिच्या हातची. "परीक्षेले कामी पडन." बाबा म्हणाले, "चाल माय. सरकारनं हात सोडला."

सरकारनं. मी तिथे उभी होते, दोन पावलांवर.

त्या वहीवर मी अभ्यास केला. हेही सांगायलाच हवं. त्यात सगळं इतकं सोपं करून लिहिलेलं होतं — इलेक्ट्रॉन कुठून कुठे पळतो ते बाण काढून.

पुढच्या वर्षी सर त्या कॉलेजात नव्हते. तासिकेवरचे होते, पुन्हा घेतलं नाही. त्या तक्रारीमुळे की कशामुळे, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. नंतर ती मला एकदाच दिसली, घाटंजीच्या बाजारात, पाचसहा वर्षांनी. मी अमरावतीहून आले होते, माझ्या अंगावर चांगली साडी होती. मी तिला आधी पाहिलं आणि मिरचीच्या ढिगाआड सरकले. तिनं तरी गाठलंच.

"काहून व, ओळख नाही देत का? मास्तरीन झाली म्हन्ते तू!"

कडेवर पोर, दुसरं पदराला. हात माझ्या आईच्या हातांसारखे झाले होते. आम्ही दहा मिनिटं बोललो असू. सासर बरं आहे, मिरची तोडायला पार तेलंगणात जावं लागतं, नवरा पितो पण मारत नाही. मग म्हणाली, "तू पयली आलती ना? मले मालूम हाये. मी आमच्या तिकडं सगळ्याईले सांगतो, माही मैतरीन पयली आलती." आणि मग, जाताना, पोराला वर सरकवत — "तू तं रोज लावत होती व माही हाजरी. दुसरी कोनी लावली नसती. त्या सरनंच घात केला."

बोलायची ती वेळ होती. बाजारात गर्दी होती, पण तेवढं बोलता आलं असतं. मी तिच्या मुलाच्या हातात जिलबीचा पुडा दिला. ती गर्दीत गेली.

आता मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रोज हजेरी घेते. एखाद्या नंबरावर वर्ग गप्प राहिला की माझं पेन वहीवर टेकलेलं राहतं आणि पुढचा आकडा तोंडातून लवकर निघत नाही. मुलांना वाटतं, मॅडम कडक आहेत, वाट बघतात.

रेणुका अजून त्या सरांनाच दोष देते आहे. मी तिला सांगितलेलं नाही. तिचं गाव मला माहीत आहे. तिथे बस जाते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्रात आमच्या कॉलेजातून मी पहिली आले. निधी मला मिळाला. अमरावतीला एम.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी आहे.